ओलं काड

शेजारच्या शेतातलं गव्हाचं काड विकत घेणं म्हणजे आमच्या घरातलं दरवर्षीचं कंबरडं मोडणारं काम. गहू शेजाऱ्यांचा, मशीनने कापून ते मोकळे होतात. मागे ओळींनी पडलेलं काड आमचं. आमच्या जुन्या बेलरने त्याचे गठ्ठे बांधायचे, ट्रॉलीवर चढवायचे आणि शेडमध्ये छतापर्यंत रचायचे. अकरा गाईंना वर्षभर अंथरायला ते लागतं, अडीनडीला त्यांच्या पुढ्यातही टाकतो. लग्नाआधी मला हे कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी आलेच असते, पण निदान हातमोजे तरी घेऊन आले असते.

शेजाऱ्यांना आम्ही घरात 'लगेचराव' म्हणतो, कारण त्यांना जगात सगळं लगेच हवं असतं. यंदाच्या सौद्याला ते म्हणाले, "काड बघा, सोनं आहे सोनं. फक्त चार दिवसांत रान मोकळं करा. मला लगेच नांगर घालायचाय."

"सोनं आहे तर तिजोरीत ठेवा की," मी म्हटलं.

यांनी मला डोळ्यांनीच दटावलं आणि सौदा पक्का केला.

काड कधी बांधायचं ते आमच्याकडे मामंजी ठरवतात, म्हणजे माझे सासरे. ओळीत खोल हात घालून तळाचं मूठभर काड काढायचं आणि दोन्ही हातांनी पिळायचं. कडकन मोडलं तर वाळलं, नुसतंच वळलं तर ओल आहे. वाळलेलं असलं की ते "बांधा" म्हणतात. नसलं तर एक अक्षर न बोलता घरी चालायला लागतात, आणि आम्हीही मुकाट्याने मागून जातो. ओलं काड गठ्ठ्यात आवळलं तर आतल्या आत तापतं, कुजतं, फारच तापलं तर पेटतंसुद्धा. चाळीस वर्षांत मामंजींचं "बांधा" कधी चुकलं नव्हतं.

आणि आता त्यांच्याकडे तेवढंच उरलं होतं. लांबची नजर कमी झाली तेव्हा ट्रॅक्टर सुटला. धार काढणं त्यांनी दोन वर्षांपूर्वी आपणहून सोडलं. म्हणाले, गाई फार लाडावल्यात, उगाच पाय झाडतात. यांचं म्हणणं असं, की ओल मोजायचं मीटर मिळतं, गठ्ठ्यात खुपसलं की आकडा दिसतो, विषय संपला. त्यावरून बापलेकांची दरवर्षी जुंपायची. यंदा हे मला गोठ्यात म्हणाले, "एकदा जरी चुकले ना, तर मी मीटर आणणार. मग बाबांनी खुशाल घरी बसावं." घरी बसलेल्या माणसाचं काय होतं ते मी माझ्या वडिलांच्या बाबतीत पाहिलं होतं.

पहिले तीन दिवस मामंजी शेतात जाऊन हात घालून परत आले. त्यात तिसऱ्या दिवशी एक सर येऊन गेली. चौथ्या दिवशी दुपारी लगेचराव ट्रॅक्टरला नांगर जोडूनच शेताच्या कडेला हजर. "आज नाही तर मी तसंच नांगरून टाकतो हां," म्हणाले. यांनी बेलर ओळीवर आणून उभा केला होता. त्या आठवड्यात दोन गाई व्यायल्या होत्या, माझी धड झोप झाली नव्हती, पाय दगडासारखे झाले होते. मामंजी यायच्या आधी मी सहज एका ओळीत हात घातला होता. वर उन्हाने खडखडीत, पण तळाला गारवा होता. काड पिळलं ते मोडलं नाही.

मामंजी आले, वाकले, मूठभर काड काढून पिळलं. मग मान वर करून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, नेहमीसारखंच. मी मूग गिळून बसले. लगेचरावांसमोर आणि यांच्यासमोर मी तोंड उघडलं असतं, तर मामंजींचं काम तिथल्या तिथे गेलं असतं. निदान तेव्हा मी स्वतःला असंच सांगितलं.

"बांधा," मामंजी म्हणाले.

दोनशे साठ गठ्ठे झाले. संध्याकाळपर्यंत बांधून शेताच्या कडेला ओढले, पुढचे दोन दिवस वाहण्यात आणि रचण्यात गेले. शेवटचा गठ्ठा वर सरकवला तेव्हा माझे हात खांद्यापासून वेगळे झाल्यासारखे वाटत होते. आंघोळ करून मी अशी झोपले की कोणी उचलून नेलं असतं तरी कळलं नसतं.

नवव्या दिवशी सकाळी शेडचं दार उघडलं तर आतून गोडूस, भाजल्यासारखा वास आला. यांनी लोखंडाची लांब सळई आणली, ढिगाच्या मध्यात खोल खुपसली आणि अर्ध्या तासाने ओढून काढली. टोकाला हात लावला आणि "आई गं!" म्हणून सळई टाकून दिली.

तेवढ्यात मामंजी आले. "बघू," म्हणाले, आणि त्यांनी वाकून सळई उचलली, नेमक्या त्याच टोकाला. मुठीत घट्ट धरून उभे राहिले.

"कुठे तापलंय? गारच तर आहे," मामंजी म्हणाले.

मी धावत जाऊन त्यांची मूठ उघडली. तळहात लालबुंद झाला होता. त्यांनी हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि सळई दुसऱ्या हाताने हळूच भिंतीला टेकवून ठेवली. हे तरातरा बाहेर निघून गेले. ट्रॉली आणायला गेले असावेत, कारण एवढं होऊनसुद्धा गठ्ठे बाहेर काढायचेच होते.

मामंजी आणि मी वरची रास उतरवायला लागलो. मधले गठ्ठे हलवले की वाफ निघत होती. आत काळपट बुरशी धरली होती.

"दोन वर्षं झाली," मामंजी म्हणाले. "बोटांना काही कळत नाही. गाईच्या सडावर हात ठेवला तरी ठेवलाय की नाही समजायचं नाही."

"मग मागच्या वर्षी काड बरोबर कसं सांगितलंत? त्याच्या आदल्या वर्षी?"

"तुझ्या तोंडाकडे बघून. मी यायच्या आधी तू हात घालून बघतेस, मला ठाऊक आहे. ओल असली की तुझ्या कपाळाला आठी पडते. यंदा नव्हती."

मी हातातला गठ्ठा खाली ठेवला. त्या दुपारी मी मामंजींची लाज राखत होते, हे खोटं होतं. मला ते काम संपायला हवं होतं. मनातल्या मनात मी म्हणत होते, म्हणा एकदाचं बांधा, मला झोपायचंय. तेच माझ्या तोंडावर उमटलं असणार.

"मला ओल कळली होती, मामंजी. मी बोलले नाही. तुम्ही मला विचारायचं होतंत."

"विचारलंच होतं की, पोरी," ते म्हणाले. आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

हे ट्रॉली लावून आत आले. मागोमाग लगेचराव, हात मागे बांधून. "काय हो, यंदा हात चुकला वाटतं आजोबांचा?"

"हात नाही चुकला," मी म्हटलं, "मी चुकले. मला ओल कळली होती. मी थकले होते, म्हणून गप्प बसले."

"तिचं काही ऐकू नका," मामंजी म्हणाले. त्यांनी तो लाल तळहात सगळ्यांसमोर, लगेचरावांच्याही समोर, यांच्यापुढे धरला. "तू मीटर आण, बाळा. या हाताला आता काही कळत नाही."

हे कित्येक वर्षं या वाक्याची वाट बघत होते. आता ते आलं, तर वडिलांचा हात आपल्या हातात घेऊन यांनी त्यावर पाण्याची अख्खी बाटली रिकामी केली. लगेचराव, आयुष्यात पहिल्यांदाच असेल, सावकाश मागे फिरले.

मग यांनी आणि मी गठ्ठे ट्रॉलीत टाकायला सुरुवात केली. मामंजी मध्ये उभे होते, कधी यांच्या वाटेत, कधी माझ्या.

"मी काय करू?" त्यांनी विचारलं.

या घरात कोणी काय करायचं ते आजवर त्यांनीच सांगितलं होतं. दोनशे साठ गठ्ठे डोळ्यांसमोर होते, कंबर ठणकत होती.

"बसा थोडं, मामंजी," मी म्हटलं.

मला वाटलं, भडकतील. तोंडावर चार शब्द सुनावतील आणि गठ्ठ्याला हात घालतील. मी त्याची वाट बघत उभी राहिले. ते दाराशी गेले आणि मी सांगितलं म्हणून बसले.