चार घंट्या, पाचवी मोटार

डीपीजवळच्या लिंबाच्या खोडात चार खिळे ठोकलेले आहेत आणि प्रत्येक खिळ्याला एक पितळी घंटी टांगलेली असते. या घंट्या इथला म्हातारा शेतकरी मायाप्पा, त्याच्या वडिलांच्या मेंढरांच्या. मेंढरं गेली, घरात शेती आली, घंट्या तेवढ्या उरल्या. डीपी म्हणजे खांबावर बसवलेला तो मोठा डबा, जो शेतांना वीज वाटून देतो. त्याच्यावर पंधरा-वीस शेतकऱ्यांच्या मोटारी आहेत आणि त्याला एका वेळी चारच झेपतात. म्हणून नियम असा की मोटार चालू करायची तर आधी लिंबाची एक घंटी काढून आपल्या शेतात न्यायची, मोटार बंद केली की परत आणून टांगायची. चारही खिळे रिकामे असले तर आपली पाळी यायची वाट बघायची. औरादच्या आसपास दर उन्हाळ्यात कुठली ना कुठली डीपी जळते. ही कधी जळली नव्हती.

मार्चमधल्या एका सकाळी या लिंबाजवळून एक लाल गाडी गेली. गेली म्हणजे दिसली. आवाज काही आला नाही. तिचं छप्पर उघडं होतं. आत याच डीपीवरच्या आप्पारावांची लेक विजयश्री बसली होती आणि तिचे केस वाऱ्याने पिंजून निघाले होते.

विजयश्री हैदराबादला एका कंपनीत गाड्या तपासायचं काम करते. नवी गाडी बाजारात यायच्या आधी ती किती पळते, किती तापते, एका चार्जिंगमध्ये किती लांब जाते, हे बघायचं. ही विजेवरची स्पोर्ट्स गाडी तिला चार दिवस चालवायला मिळाली होती, आणि ती सरळ गावाकडे निघाली होती. बापाला त्या गाडीत बसवायचं, एवढंच तिच्या मनात होतं.

आप्पारावांच्या विहिरीपाशी गाडी थांबली तशी पोरं जमली. मायाप्पाची नात तुळजा सगळ्यांत पुढे होती.

"अक्का, ही किती लांब जाती?"

विजयश्रीला असे प्रश्न आवडत. ती खाली बसली. "हे बघ तुळजा. घागरीत पाणी असतंय का न्हाई? तसं हिच्या पोटात वीज असते. सावकाश चालवलं तर पार साडेचारशे किलोमीटर. पण घागर डोक्यावर घेऊन पळालीस तर काय होतंय?"

"सांडतंय."

"तसंच. जोरात पळवली की वीज सांडते. छप्पर उघडं ठेवलं की वारा आत घुसून गाडीला मागं ओढतो, तेव्हा अजून सांडते. मी आज लई सांडत आले. पाचवा हिस्सा उरलाय."

"आन इंजिन कुठाय?"

"इंजिन न्हाई. दोन मोटारी हायत. एक पुढं, एक मागं."

तुळजाने मान वाकडी करून गाडीखाली बघितलं. मग ती म्हणाली, "मग घंटी कामून न्हाई घेतलीस?"

सगळे हसले. आप्पाराव तर इतके हसले की त्यांना खोकला आला. "अगं, गाडीला कसली घंटी? ती काय मेंढी हाय व्हय? पाव्हणी हाय ती!"

विजयश्रीही हसली. खरं तर ती त्याच वेळी गाडीची जाड केबल बापाच्या विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीला जोडत होती. शेतमोटारींची थ्री-फेज वीज नुकतीच आली होती आणि चार तासांनी जाणार होती. घरच्या साध्या प्लगवर गाडी भरायला दीड दिवस लागला असता. जलद चार्जर बीदरला होता. जाऊन यायचं, तिथे तासभर थांबायचं, तर दिवस त्यातच गेला असता. आणि उद्या औरादचा बाजार होता. उघड्या गाडीत बसून आप्पारावांना बाजारातून जायचं होतं. दोन दिवसांपासून ते धोतर इस्त्री करून बसले होते.

थोड्या वेळाने गाडीच्या पडद्यावर एक ओळ आली. विजेचा दाब कमी आहे, कमी करंट घेऊ का, असं गाडी विचारत होती.

हो म्हणावं, असं विजयश्रीला वाटलं. पण हो म्हटलं असतं तर चार तासांत निम्मीसुद्धा भरली नसती. तिने लिंबाकडे बघितलं. खोड इथून दिसत होतं, घंट्या दिसत नव्हत्या. तिने पडद्यावर 'नको' दाबलं.

दुपारी मायाप्पाच्या बोअरमधली मोटार जळाली. पाठोपाठ डीपीवर मोठा आवाज झाला, केबल वितळली आणि शिवारातली सगळी वीज गेली.

*

विजेचं गणित पाण्यासारखंच आहे. एका पाटावर चार वाफे भिजत असताना वरच्या अंगाला कुणी पाचव्या वाफ्याचं तोंड फोडलं, तर सगळ्यांत शेवटच्या वाफ्याला पाणी पोचत नाही. मायाप्पाचं शेत लाइनीच्या शेवटी आहे. फरक एवढाच की पाणी कमी पडलं तर वाफा नुसता सुकतो. मोटारीचं तसं नसतं. दाब कमी पडला तरी ती थांबत नाही, तेच काम करायला जास्त करंट ओढते, तापते आणि आतून जळते. विजयश्रीला हे पाठ होतं. गाडीला तर ते इतकं कळत होतं की तिने आधीच विचारलं होतं.

लिंबाखाली माणसं जमली. मायाप्पा पागोटं मांडीवर घेऊन बसला होता. त्याचं दोन एकर टरबूज होतं, फळं भरायला लागलेली, आणि ऊन तर असं की पाय ठेववत नव्हता.

"चारच घंट्या बाहेर हुत्या," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "म्या मोजल्या. एक माझ्यापाशी, तीन तिघांकडं. मग डीपी कशी जळाली?"

"कुणीतरी बिगर घंटीची चालवली," कुणी म्हणालं. आणि सगळ्यांनी माउलीकडे बघितलं.

माउलीचं शेत मायाप्पाच्या वरच्या अंगाला. मागच्या उन्हाळ्यात तो एकदा बिनघंटीची मोटार चालवताना सापडला होता. आज त्याच्या कांद्याच्या वाफ्यात चिखल होता.

"शेततळ्यातलं पाणी सोडलो मी," माउली म्हणाला. "मोटारीला हात लावला न्हाई. तुळजाभवानीची आण."

"मागच्या साली बी आणच घेतला हुतास की."

"मागच्या साली खोटी घेतलो हुतो. म्हणून तर औंदा खरी घ्यायची पाळी आलीय!"

एरवी या बोलण्यावर हसू आलं असतं. कुणी हसलं नाही. ठरलं ते असं: परवा लाइनमन येऊन डीपी दुरुस्त करणार. त्या दिवसापासून पाऊस पडेपर्यंत माउलीला घंटी नाही. म्हणजे कांदा गेला.

विजयश्री बापाच्या मागे उभी होती. तिने तोंड उघडलं. आप्पारावांनी न वळता, हळूच तिचं मनगट धरलं आणि चालू लागले.

घराच्या वाटेवर ते म्हणाले, "मला कळत न्हाई असं समजू नकोस. पण गप ऱ्हा. सकाळी समद्या गावानं तुला बघितलंय. लेक असावी तर अशी, म्हणलेत."

"अप्पा, माउलीचा कांदा—"

"माउली काय साव हाय का? मागचं हाय त्याच्या खात्यावर."

गाडी तीनशे किलोमीटरची भरली होती. औरादचा बाजार आठ किलोमीटरवर होता.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पाराव धोतर नेसून बाहेर आले, तर गाडी दारात नव्हती.

ती त्यांच्या विहिरीपाशी होती. विजयश्रीने घरच्या टाकीची दीड एचपीची लहान मोटार नेऊन विहिरीत सोडली होती आणि तिची वायर गाडीला जोडली होती. अशा गाडीतून वीज बाहेरही काढता येते. पाइप बांधावरून मायाप्पाच्या टरबुजात गेला होता आणि त्याच्या तोंडातून मनगटाएवढी धार पडत होती.

दुपारपर्यंत हे शिवारभर कळलं. वीज नाही आणि मायाप्पाच्या शेतात पाणी! बघायला माणसं आली. तुळजा पडद्याजवळ बसून आकडा वाचत होती आणि गेलेले किलोमीटर गावांच्या नावाने ओरडून सांगत होती. दर तासाला आठ-दहा किलोमीटर कमी होत होते.

"आजोबा, बीदर वाहून गेलं! आता भालकी चालली!"

मायाप्पाची बायको अनसाबाई हळदीकुंकवाची वाटी घेऊन आली. तिने गाडीच्या लाल बॉनेटवर पाच बोटं उमटवली, मग विजयश्रीच्या कपाळाला लावलं आणि तिच्या गालांवरून हात फिरवून बोटं कडाकडा मोडली.

"लई मोठं मन हाय लेकी तुझं. आपल्या गाडीचं पाणी करून वेलाला घातलीस. आमच्या पोरानं बी एवढं केलं नसतं."

विजयश्रीला वाटलं, बाईने थोबाडीत मारली असती तर सोपं गेलं असतं. ती पाइपाकडे गेली, उगाचच त्याचं तोंड हलवलं. पाणी आळ्यात शिरत होतं, माती फसफसत होती. रात्री तिने हेच ठरवलं होतं. सांगायचं नाही, पण भरून द्यायचं. हिशेब बरोबर होईल असं वाटलं होतं. आणि आता तिच्या कपाळावर कुंकू होतं.

बांधावर माउली बसला होता. कालपासून कुणी त्याच्याशी धड बोललं नव्हतं.

"विजे, तुझ्या गाडीला गावात लई इज्जत हाय बघ," तो म्हणाला. "पुढच्या जन्मी बॅटरीच व्हावं म्हणायलोय मी."

"माउली..."

"न्हाई, चेष्टा न्हाई. चांगलं केलीस. म्हातारं काल जेवलं बी न्हाई."

तिला पुढे राहवलं नाही. ती मायाप्पासमोर जाऊन उभी राहिली. अनसाबाई तिथेच होती, माउलीही.

"काका, काल चार घंट्या बाहेर हुत्या, आन पाचवी माझी गाडी हुती. अप्पाच्या स्टार्टरवर लावली हुती. तुमच्या दोन मोटारीएवढं ती एकटी वढत हुती."

मायाप्पाने ओल्या मातीचे हात धोतराला पुसले. त्याला समजायला वेळ लागला असं नाही. तो विचार करत होता.

"तुला ठाव हुतं का, असं हुईल म्हणून?"

"व्हय. गाडीनं विचारलं बी हुतं. कमी घेऊ का म्हणून."

"आन तू?"

"नको म्हणलं."

अनसाबाईने हातातली वाटी पदराखाली घेतली. अंगठ्याने ती वाटीची कड पुसत राहिली. गाडीवरची पाच बोटं मात्र तिने पुसली नाहीत.

"पाइप काढू का?" विजयश्रीने विचारलं. असं कसं विचारलं, ते तिचं तिलाच कळलं नाही.

"पाइप कामून काढतीस?" मायाप्पा म्हणाला. "वेलाला काय ठाव हाय, कुठलं पाणी हाय ते. चालू दे." मग तो जरा थांबला. "पर पोरी, काल सांगितली असतीस तर ह्या पाण्याला मी उपकार म्हणलो असतो. आता काय म्हणू, तूच सांग."

तिने पाइपाचं तोंड पुढच्या आळ्यात वळवलं.

"आन मला सांगून भागत न्हाई," तो म्हणाला. "काल जिथं ह्याचं नाव घेतलेत, तिथं तुझं घे."

माउली उठून उभा राहिला होता. तो काहीतरी चेष्टेचं बोलेल असं सगळ्यांना वाटलं. तो एवढंच म्हणाला, "माझी खरी आण वाया जायलीती बघ." आणि निघून गेला.

*

तिसऱ्या दिवशी लाइनमन आला, केबल बदलून गेला. वीज यायच्या आधी लिंबाखाली सगळे जमले होते. विजयश्रीने सगळं पहिल्यापासून सांगितलं, 'नको' दाबल्याचंही. शहाण्या लेकीला शिव्या कशा द्यायच्या, ते कुणाला ठाऊक नव्हतं.

मग मागून आप्पाराव पुढे आले. इस्त्रीचं धोतर अजून अंगावर होतं, पण गुडघ्यापर्यंत मळलेलं. ते लेकीकडे बघत नव्हते.

"पेटी माझी हुती," ते म्हणाले. "घंटी लागत न्हाई, हे बी मीच म्हणलो. पाऊस पडंस्तोवर माझी पाळी माउलीला. माझ्या उसाचं काय व्हायचं ते हुईल."

"अप्पा, ऊस कशाला—"

"तू गप," आप्पाराव म्हणाले. परवा जे सांगितलं होतं तेच पुन्हा सांगितलं, पण आज सगळ्यांसमोर.

मायाप्पाची मोटार वायंडिंगला, म्हणजे आतल्या जळक्या तारा बदलायला, उदगीरला गेली होती. ती येईपर्यंत गाडीत जेवढी वीज उरली होती तेवढी त्याच्या टरबुजाला मिळाली. चौथ्या दिवशी गाडीत बीदरच्या चार्जरपर्यंत जाण्यापुरतीच उरली, तीही छप्पर बंद करून आणि बैलगाडीच्या मागे राहिल्यासारखं चालवलं तर.

निघताना आप्पाराव दारापर्यंत आले. "सावकाश जा," म्हणाले. गाडीत बसवण्याचं कुणी बोललं नाही.

लिंबापाशी थ्री-फेज नुकतीच आली होती. माउली खोडाजवळ उभा होता. आप्पारावांच्या पाळीची घंटी त्याने खिळ्यावरून काढली. विजयश्रीने गाडी थांबवली. ती काच खाली घेणार, तेवढ्यात तो जवळ आला, वाकला आणि बंद काचेशी घंटी धरून जोरात वाजवली.

"आत ऐकू येतंय का गं?" त्याने ओरडून विचारलं.

तिने मान हलवली. ऐकू येत होतं. तो कांद्याकडे चालू लागला, आणि गाडी आवाज न करता बीदरच्या रस्त्याला लागली तरी तिला ते बराच वेळ ऐकू येत राहिलं.