आधी लोखंडाला हात

गल्लीत तिला सगळे लोकरमावशी म्हणत. घर म्हणजे लोकरीचं वारूळच. खाटेखाली गुंडे, कपाटावर गुंडे, पिठाच्या रिकाम्या डब्यातही गुंडे. खिडकीशी विणायचं मशीन, त्याला लोखंडी पाय. कोरड्या थंडीचे दिवस आले की त्या घरात कशालाही हात लावला तरी टच्च करून चटका बसायचा. दाराची कडी चावायची, चमचा चावायचा. "माझ्या घरातल्या वस्तूंना दात आलेत," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला हसून सांगायची.

आणि यंदा त्या घरात लेक परत आली होती.

लेक चौतिशीची, पण आईच्या तोंडी अजून ठकीच. अकरा वर्षं दूरच्या शहरात इमारतींचे नकाशे काढत होती. वर्षाकाठी चार दिवस घरी यायची, त्यातला एक झोपण्यात आणि एक बॅग भरण्यात जायचा. दोन महिन्यांमागे फोनवर दबक्या आवाजात म्हणाली, "आई, मी तिकडे येऊनच काम केलं तर?" लोकरमावशीच्या हातातली सुई तिथल्या तिथे थांबली. "विचारतेस काय गं? घर काय भाड्यानं दिलंय?" एवढंच ती बोलली, पण त्या दिवशी तिनं विणलेल्या बाहीत सतरा टाके चुकले.

ऑफिसनं परवानगी दिली होती, पण अटीवर. त्यांचा नकाशे काढायचा प्रोग्रॅम चालेल असा कॉम्प्युटर ठकीकडे हवा. मंगळवारी सकाळी दहाला ते तिकडून तपासणार. चालला तर ठकी इथेच. नाही तर बुधवारची गाडी.

तिला हवा तसा कॉम्प्युटर तयार मिळेना, म्हणून ठकीनं सुटे भाग आणले होते. घरीच जोडणार होती. लोकरमावशीला त्यात नवल वाटलं नाही. स्वेटर तरी वेगळा कुठे असतो? पाठ वेगळी, पुढा वेगळा, दोन बाह्या, मग जोडणी.

सोमवारी दुपारी ठकी मामाला आणायला गेली. मामा म्हणजे लोकरमावशीचा धाकटा भाऊ, जन्मभर वायरमन. कॉम्प्युटरची वीज त्याच्या नजरेखालून गेल्याशिवाय बटण दाबायचं नाही, असं ठकीनं ठरवलं होतं.

घरात एकटीच उरली तशी लोकरमावशीनं टेबलावरचं खोकं उघडलं. एकदा बघावं म्हणून. आत हिरवी काळी मोठी पाटी, तिच्यावर नगराचा नकाशा काढल्यासारख्या चंदेरी रेघा. आणि बोटभर रुंदीच्या दोन कांड्या, एका काठाला सोनेरी दात. सगळं कसल्याशा काळपट चंदेरी पिशव्यांत कोंबलेलं, वेफरच्या पुड्या असतात तशा. तिचा जीव कळवळला. माझ्या लेकीचं अख्खं आयुष्य वेफरच्या पुडीत?

कुणाच्या तरी बाळासाठी तिनं नुकतीच एक गुलाबी दुलई विणली होती, सायीसारखी मऊ. तिनं पाटी पिशवीतून काढली आणि दुलईत गुंडाळली. मग एक कांडी उचलली. टच्च! बोटाला चटका बसला.

"अगं बाई, तूपण चावतेस?" ती हसली. सोनेरी दातांवर धूळ वाटली म्हणून तिनं लोकरीच्या तुकड्यानं ते घासून लखलखीत केले, आणि कांडी पाटीशेजारी निजवली. दुसरी कांडी काढणार तोच दूधवाल्यानं बेल वाजवली.

तासाभरानं जिन्यात आवाज आले. ठकी दारातच थांबून मामाला समजावत होती. "इथंच स्वेटर काढ मामा. लोकरीवर वीज साठते. आपल्याला ती चावते तेवढंच, पण त्या भागांना मारते. बाहेरून काही दिसत नाही, आतून मेलेले. म्हणून तर ते तसल्या पिशव्यांत देतात."

"म्हणजे ताईचं घर म्हणजे यांची स्मशानभूमीच की!" मामा खो खो हसला.

लोकरमावशी खोक्याकडे धावली. दुलईतून पाटी काढली, पिशवीत घातली. कांडी काढली, पिशवीत घातली. खोकं बंद. ती दोघं आत आली तेव्हा ती ओट्यापाशी पाठमोरी उभी होती, आणि स्वच्छ असलेलं भांडं परत घासत होती.

मामानं टेस्टर घेऊन भिंतीतल्या प्लगची भोकं तपासली, अर्थिंगचंसुद्धा. "तिसऱ्या भोकात अर्थ आहे गं ठके. आयुष्यात इतर कुठे शोधत बसू नकोस." ठकीनं मनगटाला एक पट्टा बांधला, त्याची तार कॉम्प्युटरच्या पेटीच्या उघड्या लोखंडाला चिमट्यानं अडकवली. अंगावर सुती कुडता, पाय अनवाणी. इतकी जपून ती काम करत होती, की बघणाऱ्या आईला आपला श्वासही चोरीचा वाटू लागला. सांगावं का? कदाचित काही झालंच नसेल. कदाचित.

जोडणी झाली. ठकीनं बटण दाबलं. पंखा फिरला, आतला बारीक दिवा लागला. पडदा मात्र काळाच.

पुन्हा दाबलं. काळाच.

ठकीनं सगळं उकललं, परत जोडलं. घड्याळात चार वाजले, मग पाच. पडद्यात फक्त तिचाच चेहरा दिसत होता, लहानपणी पाटी फुटली तेव्हा झाला होता तसा.

"दुकानदारानं फसवलं!" मामा उठला. "चल, त्याच्या नरड्यात घालू हे."

"कुठला भाग गेलाय तेच कळत नाही मामा. पाटी गेली असेल तर आठ दिवसांशिवाय दुसरी येत नाही." ठकीनं पट्टा सोडला. उठली आणि खाटेखालची बॅग ओढली. बॅगेची चेन उघडल्याचा आवाज झाला.

त्या आवाजानं लोकरमावशीची जीभ सुटली.

"दुकानदार नाही गं. मी."

दोघं वळली. तिनं दुलई आणून पुढ्यात टाकली. पिशवी, धूळ, बेल, सगळं सांगितलं. मधेच लपवाछपवीही सांगितली, ती सांगताना खाली बघत. "तू जायला नकोस म्हणून जिवाचं रान करणारी मी, आणि माझ्याच हातानं तुझी गाडी काढली बघ."

मामा परत खाली बसला.

"टच्च झालं होतं?" ठकीनं हळूच विचारलं.

"झालं. मी तिला म्हटलंसुद्धा, तूपण चावतेस का म्हणून."

ठकीच्या तोंडून हसू फुटलं. डोळे भरलेले आणि वर हसू, अशी ती क्षणभर बसली. मग एकदम ताठ झाली. "थांब. पाटीला हात लावलास तेव्हाही चटका बसला?"

"नाही. फक्त कांडीला. एकाच. दुसरी मी काढलीच नाही."

"एकाच! मग दुसरीवरही चालेल!" ठकी पेटीवर वाकली. दोन कांड्या, जुळ्या बहिणींसारख्या. एकीच्या काठाला, अगदी कोपऱ्यात, केसाएवढा गुलाबी तंतू अडकला होता.

ठकी परत पट्टा बांधू लागली तशी लोकरमावशी म्हणाली, "दम धर." तिनं फरशी ओल्या फडक्यानं पुसली. चादर पिळून दारावर टांगली. चुलीवर पाण्याचं आधण ठेवलं, खोलीभर वाफ पसरू दिली. दुलई, गुंडे, सगळं आतल्या खोलीत नेऊन टाकलं. हे करताना ती पुटपुटत होती. विणकाम शिकवणाऱ्या बाईनं चाळीस वर्षांपूर्वी तोंडपाठ करून घेतलेल्या ओळी:

आधी लोखंडाला हात, मग लावावा धाग्याला,
कोरड्या गं दिसामधी ओला पडदा दाराला.

ठकी बघतच राहिली. "आई, तुला हे माहीत होतं?"

"धाग्यासाठी माहीत होतं. नाही तर धागा अंगाला चिकटतो, सुईवर चढत नाही. तुझी ही पाटी धाग्याच्याच जातीची, हे मला कुणी सांगितलं होतं?"

"मी सांगायला हवं होतं," ठकी म्हणाली. तिनं पट्टा स्वतःच्या मनगटावरून सोडवला आणि आईच्या मनगटावर बांधला. "चूक तू केलीस ना? मग उसवायची पण तूच."

"अगं, माझे हात थरथरतात."

"लग्नातही थरथरले होते," मामा म्हणाला. "तरी हार पडला बरोबर गळ्यात."

लोकरमावशीनं आधी पेटीच्या लोखंडाला तळवा टेकवला. मग गुलाबी तंतूची कांडी अलगद काढली. चुकलेला टाका उसवावा तशी. उरलेली एकटी कांडी ठकीनं दाखवलेल्या खाचेत बसवून दाबली. खट्. दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या मिटल्या.

बटण ठकीनं दाबलं. पंखा फिरला. एक, दोन, तीन... आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली.

मामानं टाळी वाजवली. ठकीनं अक्षरं वाचली. "कांड्या म्हणजे याची स्मरणशक्ती. निम्मीच आहे आता. हळू चालेल."

"माझी तरी कुठं पुरी आहे?" लोकरमावशी म्हणाली. "चालतेच की."

मंगळवारी दहाला पडद्यावर ऑफिसच्या बाई आल्या. नकाशा उघडायला इतका वेळ लागला, की दाराआड उभ्या असलेल्या लोकरमावशीनं ओठ चावून घेतला. शेवटी भिंती उमटल्या, जिने उमटले, खिडक्या उमटल्या. "जरा रेंगाळतंय हो तुमचं मशीन," बाई म्हणाल्या.

"एक कांडी आईनं बाद केली," ठकीनं सरळ सांगितलं. "आठवड्याभरात नवी घालते."

बाई हसल्या. "बरं. उद्यापासून कामाला लागा. तिथूनच."

ठकीनं खुर्चीत मान मागे टाकली. लोकरमावशी पुढे आली. लेकीच्या केसांवरून हात फिरवावा म्हणून तिनं तो उचलला, आणि अर्ध्यातच थांबवला. मागे वळली, विणायच्या मशीनच्या लोखंडी पायाला तळवा टेकवला.

मग लेकीच्या डोक्यावर ठेवला.