धुवून टाकलेली गुदगुली

ताविताचं प्रथिन मेलं होतं. निदान तो तसं म्हणत होता. तीन आठवडे त्याने ते धुऊन धुऊन इतकं स्वच्छ केलं, की आता नळीत पिवळा रंगच येईना. आणि रंग नाही म्हणजे प्रथिन काम करत नाही. पेशीतलं इंधन संपत आलं की तशी वर्दी देणारं हे प्रथिन. सोमवारपर्यंत ते जागं झालं नाही, तर ताविताचं संशोधन बंद, असं आमच्या प्रमुख बाईंनी बजावलं होतं.

आणि शुक्रवारी मेलबर्नच्या आमच्या प्रयोगशाळेत शाळेची मुलं आली. चाळीस वर्षं इथे काम करणारी मदतनीस म्हणून ती नेहमी माझ्या वाट्याला येतात. मी त्यांना मेलेल्या प्रथिनाबद्दल सांगितलं आणि ताविताच्या मुठीत चॉकलेट देऊन त्याला मधोमध उभं केलं.

"हे प्रथिन. मुठीत चॉकलेट आहे. काढा."

मुलांनी बोटं ओढली, लोंबकळून पाहिलं. मूठ हलेना. मग हेटी नावाची चिमुरडी मागून गेली आणि तिने त्याच्या काखेत बोट घातलं. मूठ उघडली.

"ही लबाडी आहे," तावित म्हणाला.

"लबाडी कसली? प्रथिनं हेच करतात. काम एकीकडे, कळ भलतीकडे. कळीवर इवलासा रेणू बसला की सगळं अंग वळतं. पेशीत निरोप असेच पुढे जातात."

हेटी चॉकलेट चघळत होती. "मग तुझ्या मेलेल्याला गुदगुल्या कोण करतं?"

तावित थबकला. "मावशी, मी त्यालाच धुऊन टाकलं की काय?"

"तसंच दिसतंय."

"पहिलं धुवण कुठाय?"

"तूच म्हणालास ना, ही घाण ओतून दे."

"ओतलंस?"

मी आधी टेबल पुसलं. मग फडकं पिळून वाळत घातलं. तोवर त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

मग मी फ्रिजच्या तळातून बाटली काढली. निकाल लागेपर्यंत कुणाचंही पहिलं धुवण मी ओतत नाही, सांगितलं तरी.

"आधी उकळ," मी म्हटलं. "त्यातली बाकीची प्रथिनं मरतील. गुदगुल्या करणारा तेवढा उरेल."

त्याने उकळलं, गाळलं, निववलं, थेंबभर प्रथिनाच्या नळीत सोडलं. मुलं टाचा उंचावून बघत होती.

"पिवळं," हेटी सगळ्यांच्या आधी म्हणाली. तावित नळी उजेडात धरून नुसता बघत राहिला. तेवढ्यात हेटी त्याच्या दुसऱ्या हाताच्या मिटलेल्या मुठीकडे बघत, बोट पुढे करून, हळूच त्याच्या मागे सरकली.