दाताच्या दवाखान्यातली बोलणी

पंतप्रधानांचे दात खराब आहेत हे साऱ्या देशाला ठाऊक होतं, म्हणून गुप्त बोलण्यांसाठी त्यांनी मेहुण्याचा दाताचा दवाखाना निवडला. सरकारमधले दोन पक्ष बाहेर पडले होते, उरलेले चपला घालूनच बसले होते. अशात उत्तरेकडच्या बड्या राष्ट्राला आपलं बंदर हवं होतं आणि पश्चिमेकडच्याला ते उत्तरेच्या हाती जायला नको होतं. पंतप्रधान दोघांनाही हो म्हणत होते.

दोन्हीकडे दुभाषी मात्र एकच बाई. दोन्ही भाषा येणारं आणि तोंड मिटून राहणारं दुसरं कुणी सापडलं नव्हतं. घरी ती दाढदुखीचं कारण सांगायची. आई वैतागून म्हणायची, एकदाची उपटून तरी घे.

तिचं जेवणावरून मन उडालं होतं. सकाळी उत्तरेला दिलेला शब्द दुपारी पश्चिमेसमोर तीच फिरवायची, आणि दोन्ही वेळा 'मी' म्हणूनच. बोलणारा 'मी' म्हणाला की दुभाष्यानेही 'मी'च म्हणायचं, हा कामाचा नियम.

त्या सकाळी उत्तरेच्या दूताने चहाला हातही लावला नाही. बाहेर मेहुणा पेशंटना थोपवत होता. करारावर सही झालीच तर तो पाळायला तुम्ही खुर्चीवर असाल का, असं दूताने सरळ विचारलं.

पंतप्रधान तिला म्हणाले, "सांगा, माझं सरकार भक्कम आहे. मी दुसऱ्या कुणाशीही बोलत नाहीये."

तिने तोंड उघडलं, पण 'मी' काही येईना.

"पंतप्रधान म्हणतात, त्यांचं सरकार भक्कम आहे," ती दूताला म्हणाली. "ते म्हणतात, ते दुसऱ्या कुणाशीही बोलत नाहीयेत."

दूताने पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. मग कोटाची बटणं लावली, आभार मानले आणि मागच्या दाराने निघून गेला.

"काय सांगितलंत त्याला?"

"तुमचंच वाक्य. फक्त 'मी' म्हणाले नाही."

पंतप्रधान पेशंटच्या खुर्चीत मागे रेलले. बराच वेळ गाल चोळत राहिले. "दुपारी येऊ नका," ते म्हणाले. "मलाही आता ते म्हणवणार नाही."

आठवडाभरात दोन्ही बड्या राष्ट्रांनी परस्पर बसून बंदराचा वापर वाटून घेतला. आपल्याला कुणी विचारलंसुद्धा नाही. सरकार पडलं.

नव्या पंतप्रधानांच्या कचेरीतून तिला फोन आला: दोन्ही भाषा येतात ना? विचार करून सांगते म्हणाली, आणि दिवसभर खोलीत येरझारा घालत राहिली.