पडत्या अंगाची जागा

मोठं झाड एकट्यानं पाडू नये, दोघांनी पाडावं, असं सटवाजीला त्याच्या बापानं शिकवलं होतं. दोघांची करवत, दोन मुठी. एकानं ओढायचं, दुसऱ्यानं सोडायचं. शेवटी चार बोटं लाकूड उरलं की एकजण मागं राहून पाचर ठोकणार आणि दुसरा समोर, पडत्या अंगाला जाऊन, झाडाला बांधलेला दोर सोडवणार, बायापोरं नि गुरंढोरं लांब हाकलणार. मग मागच्यानं हाळी द्यायची, "झाड येतंऽऽय!" आणि समोरून "सोड!" असा जाब आल्याबिगर घण उचलायचा नाही. खोडापल्याडचा माणूस दिसत नाही. आवाज आला तरच तो आहे म्हणायचा.

सटवाजी आणि सिताराम यांनी चौदा वर्षं अशी झाडं पाडली. झरीपासून पार राणीसावरगावापर्यंत, कुठली बाभळ म्हणू नका, कुठला निंब म्हणू नका. मग तीन वर्षांमागं, वैशाखातच, सिताराम एका निंबाखाली सापडून गेला. तेव्हापासून ती करवत सटवाजीच्या घरात आढ्याला टांगलेली होती. एका मुठीला वाळवी लागली होती. ती कुणाची मूठ, हे तो बघत नसे.

आता वखारवाल्या किशनरावांनी हैदराबादेहून साखळीची मशीन आणली होती. पेट्रोल भरायचं, दोरी हिसकायची, की मशीन अशी गरजायची की पाखरं दोन शेतं ओलांडून जायची. दिवसाचं काम घटकेवर आलं. मशीन सटवाजीच्या हातात, आणि लाकडं वाहायला चंद्रभानचा ट्रॅक्टर. चंद्रभान ट्रॉली जितकी भरी तितक्याच गप्पा भरी.

त्या दिवशी ओढ्याकाठची चिंच पाडायची होती. वेशीजवळच्या भिंतीवर कुणी निळीनं नामांतराची घोषणा लिहिली होती, दुसऱ्या कुणी तिच्यावर चुना फासला होता, आणि चुन्याखालून निळी अक्षरं पुन्हा वर आली होती. ट्रॅक्टर तिथून वळला तेव्हा चंद्रभान म्हणाला, "मामा, चिंचंला काय इचारून आलाव का? म्हातारी हाय ती, रुसंल."

"गप गाडी हाक."

"न्हाई, आमची माय म्हनती, भर दुपारी चिंचंखाली बसू न्हाई. मी म्हनलं, बसायचं कशाला, मामा तिलाच आडवी पाडायलाय."

चिंच तीन माणसांच्या कवेत मावेना अशी होती. सटवाजीनं पडत्या अंगाला खाच पाडली, मग मागून मशीन लावली. भुसा पावलांवर सांडत राहिला, तांबूस, ओला. उन्हं डोक्यावर आली तेव्हा चार बोटं लाकूड राहिलं. त्यानं मशीन बंद केली. एवढ्या गोंगाटानंतरची शांतता कानाला बोचली. पाचर फटीत बसवली, घण हातात घेतला, आणि जुन्या सवयीनं त्याच्या तोंडून हाळी निघून गेली.

"झाड येतंऽऽय!"

पल्याडून जाब आला. "थांब!"

सटवाजीनं घण खाली टेकवला. त्याला वाटलं, कुणी गुराखी असेल. तो खोडाला वळसा घालून समोर गेला. समोर काळं रान. तुरीची धसकटं, भेगा, आणि त्यावर थरथरणारी झळ. कुणी नव्हतं. फक्त चिंचेच्या सावलीत, मधोमध, विडीचा वास उभा होता. वाराच नव्हता, त्यामुळं वास हलतही नव्हता.

"चंद्रभान, तू विडी वढलीस?"

लांब बांधावर ट्रॅक्टरच्या सावलीत पसरलेला चंद्रभान उठून बसला. "मी कवा वढतो? तंबाखू खातो मी. अन् मामा, हाळी कोनाला द्यायलाव? मशीनला?"

"जाब आला. तू ऐकलास का?"

"तुमचाच आवाज ऐकला. मशीनीनं कान फुटलेत तुमचे."

सटवाजी माघारी आला. पुन्हा हाळी दिली. या खेपी "थांब" जवळून आला, खोडाला गाल लावून बोलावं तसा. आवाज रागाचा नव्हता. काम करताना एखादा सहज म्हणतो, जरा थांब, हात अडकलाय, तसा. हा आवाज त्यानं चौदा वर्षं ऐकला होता, आणि या शब्दात तो अखेरचा ऐकला होता.

त्यानं डोळे मिटून घण घातला. पाचर लाकडात शिरायची ती मागं उडाली, जणू आतून कुणी ढकलली, आणि भुशात जाऊन पडली. चिंच उभीच राहिली. चार बोटांवर एवढं मोठं झाड, आणि एक पान हलेना. मग आत, खोल कुठंतरी, कट् असा आवाज झाला. थोड्या वेळानं पुन्हा, कट्.

चंद्रभानची थट्टा विरून गेली. "मामा, लांब व्हा. हे काय बरं न्हाई. मी किशनरावाकडून साखळदंड आनतो, लांबूनच ट्रॅक्टरनं वढू." असं म्हणत त्यानं ट्रॉलीचा खटका काढला आणि मोकळा ट्रॅक्टर गावाकडं असा पळवला की मागं वळून बघितलंसुद्धा नाही.

सटवाजी लांब बांधावर जाऊन बसला. तेवढ्यात ओढ्याच्या अंगानं कस्तुराबाई येताना दिसली. सितारामाची बायको. झाड पडलं की बारीक फांट्या तिनं न्यायच्या, हे किशनरावांनीच ठरवून दिलेलं. आज झाड पडायच्या आधीच आली होती. छाटलेल्या फांद्यांपाशी बसून काटक्या मोडताना ती आपल्याशीच गुणगुणत होती.

"चिंचंच्या झाडाखाली, सावली गं काळीनिळी
माझ्या कुंकवाचा धनी, कोणी नेला अवकाळी"

"वहिनी, तिथं बसू नगा," सटवाजी ओरडला. "झाड अर्धं सुटलंय."

ती मोळी ओढत बांधाशी आली. "काय भावजी, आज मशीन दमली का तुमी?"

"पोरगी बरी हाय का?" त्यानं उगीच विचारलं.

"पंचफुलाला सेलूचे पाव्हणे बघायला यायलेत बेस्तरवारी," ती म्हणाली. काटकी मोडायची थांबली. "मागच्या साली आलते ते उंबऱ्यावरूनच परतले. कुनीतरी सांगितलं, पोरीचा बाप शिंदी पिऊन झाडाखाली मेला. त्या घरची पोर कशी करावी? हे बी परतत्याल. ऱ्हाऊ द्या. त्यानं पिली आसंल तर पिली आसंल. मला त्या दिवशी वास आला न्हवता, पर मी कोन सांगनार? तुमी जवळ हुता."

पलीकडं चिंचेत पुन्हा कट् वाजलं.

सटवाजी जवळ होता. त्यानंच सांगितलं होतं सगळ्यांना, की सिताराम "सोड" म्हणाला आणि मग आपणच आत शिरला. बाकीचं लोकांनी जोडलं. शुद्धीतला माणूस पडत्या झाडाखाली जातो का? प्यालाच असेल. सटवाजीनं नाही म्हटलं नाही. पहिल्या दिवशी जीभ टाळ्याला चिकटली होती, पुढं ती तशीच राहिली. खरं सांगितलं तर सितारामाचे भाऊ जिता ठेवणार नाहीत, आणि ठेवलं तरी उभ्या शिवारात कोणी झाडाला हात लावू देणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"वहिनी," तो म्हणाला, आणि त्याला आपलाच आवाज लांबून आल्यासारखा वाटला, "त्यो प्यालेला न्हवता."

कस्तुराबाई त्याच्याकडं वळली.

"मी हाळी दिली. त्यो थांब म्हनला. सोड म्हनलाच न्हाई. त्याची रोजची खोड हुती वहिनी, विडी पेटवायची झाली की थांब म्हनायचा, मला तिष्ठत ठेवायचा, अन् हसायचा. मला वाटलं, चेष्टाच करायलाय. ऊन लय हुतं, राग आला. मी घण घातला. दोर बुंध्याला अडकला हुता. त्यो सोडवायलता. खरंच थांब म्हनत हुता."

पदरातली काटकी-कुटकी तिनं एकेक करून खाली ठेवली, नीट, जसं चुलीपुढं रचावं.

"कसा उभा हुता त्यो?" तिनं विचारलं. "मला दावा."

"वहिनी, झाड..."

"उभं ऱ्हाऊन दावा."

तो गेला. पडत्या अंगाला, खाचेच्या समोर, बुंध्यापासून चार हातांवर. वाकून, दोराची गाठ हातात धरल्यासारखा. सावली अंगावर पडली तशी ती ओल्या घोंगडीसारखी जड लागली. विडीचा वास अजून तिथंच होता, आणि आता तो त्याच्या स्वतःच्या कपड्यांतून येत होता.

"आता हालू नगा," कस्तुराबाई म्हणाली. "गावातून मान्सं आनते. माझे दीर आनते. ह्या जागंवरून सांगायचं. घरात बसून सांगितलेलं मला नगं." आणि ती मोळी तिथंच टाकून, अनवाणी, धसकटांतून गावाच्या दिशेनं निघाली.

तो पळू शकला असता. बांध दहा पावलांवर होता. पण पाय उचलायला जावं तर वरून कट्, आणि पाय ठेवला की गप्प. दोनदा त्यानं करून बघितलं. मग सोडून दिलं.

किती वेळ गेला कोण जाणे. सावली लांबली. आणि खोडाच्या मागून, जिथं त्याची मशीन पडली होती, घण पडला होता, तिथून भुशावर पाऊल दाबल्याचा आवाज आला. कुणी घण उचलला. लोखंड दगडाला घासलं. मग हाळी आली, ओळखीची, लांबवलेली.

"झाड येतंऽऽय!"

जाब आता सटवाजीनंच द्यायचा होता. "सोड", एवढा एक शब्द, आणि सगळं मिटलं असतं. गावापुढं उभं राहायला नको, सितारामाच्या भावांच्या डोळ्यांत बघायला नको. तो शब्द त्याच्या जिभेवर येऊन बसलासुद्धा.

"थांब," तो म्हणाला. "सितारामा, थांब जरा. कस्तुरा मान्सं घिऊन यायलीय. माझं सांगून होऊ दे."

पल्याड कुणी हसलं नाही. घण हळूच भुशात टेकल्यासारखा वाटला. वाट बघणाऱ्या माणसाचा श्वास ऐकू येतो, तसा श्वास खोडापलीकडं चालू राहिला.

वेशीकडून माणसं दिसली. पुढं कस्तुराबाई, मागं तिचे दोघे दीर, चंद्रभान, आणि बरीच. ट्रॅक्टर कुणी आणला नव्हता, सगळी पायी आली होती. जवळ यायला लागली तसा सटवाजीनं हात वर केला.

"पुढं येऊ नगा! तिथूनच ऐका!"

माणसं बांधावर थबकली. त्यानं पहिल्यापासून सांगितलं. दोर, हाळी, थांब, घण. शिंदीचा एक थेंबही सितारामाच्या पोटात नव्हता, हे दोनदा सांगितलं, आणि पंचफुलाच्या पाव्हण्यांना बेस्तरवारी मीच तोंडानं सांगेन, तोवर जिता ठेवा, पुढं तुमची मर्जी, असंही सांगितलं. त्यानं एकही शब्द गिळला नाही.

तो बोलत होता तेवढा वेळ चिंचेत एकदाही कट् वाजलं नाही. सगळं झाड कान देऊन उभं होतं, आणि बांधावरच्या शेवटच्या माणसालाही प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू गेला.