ढुशी

पेट्रोलचा वास अप्पांच्या बोटांना असा जडला होता, की भाकरीचा घास तोंडाशी नेताना तो त्यांच्याआधी तिथं पोचलेला असायचा. चैत्र लागला होता, उमरग्याच्या आमच्या घरामागचा कडुलिंब पत्र्याच्या शेडवर आपली बारीक पांढरी फुलं सांडत होता, आणि आत, उघड्या बॉनेटखाली वाकलेले माझे वडील सकाळच्या तिरप्या उन्हात निश्चल उभे होते. हमरस्त्यावरून हैदराबादकडं जाणाऱ्या ट्रकांचा अखंड घोष चालू होता. शेडमध्ये मात्र फक्त पान्याचा आवाज, तोही मधूनच. आई गेल्यापासून त्या घरात सगळेच आवाज असे मधूनच होत.

गाडी त्यांच्या लग्नाहून थोडीच धाकटी. तिचा पेट्रोल पंप विजेवर चालत नाही. तो इंजिनाच्या कुशीला लागून बसतो, इंजिन फिरलं की चालतो, आणि त्याच्या बुडाशी बोटभर लांबीची एक दांडी असते. गाडी काही दिवस उभी राहिली की कार्बोरेटर कोरडा पडतो. मग ती दांडी हातानं दाबून टाकीतलं पेट्रोल वर चढवायचं. बॅटरी म्हातारी, म्हणून पेट्रोल वर आल्याशिवाय सेल्फ मारायचा नाही हा घरचा दंडक. अप्पा स्टिअरिंगवर बसायचे, दांडी आईकडं असायची. पेट्रोल भरलं की ती आपल्या माहेरच्या कानडीत हळूच "साकु" म्हणायची, म्हणजे पुरे, आणि मग अप्पा किल्ली फिरवायचे.

आईची समाधी माकणीच्या शेतात आहे, धरणावरून येणाऱ्या वाऱ्यात. अप्पा दर सोमवारी तिथं जायचे ते याच गाडीनं. दुसऱ्या कुणाच्या गाडीचं नाव काढलं की तोंड फिरवायचे. पण मागचे कितीतरी सोमवार ते घरातच बसून होते. दांडी ढिली पडली होती, दाबली तर हाताला काही लागत नव्हतं. त्यांनी पंपाचा पडदा बदलला, नळ्या फुंकल्या, जाळी धुतली. शेवटी हार मानून भंगारवाल्याला शब्द दिला. तो दुपारी येणार होता, म्हणून मी पुण्याहून सकाळीच पोचले होते.

"हातात धरला की दम धरतोय," पंप मला दाखवत अप्पा म्हणाले, "इंजिनाला लावला की सोडतोय. म्या आता काय करू, माय?"

मुलीला माय म्हणायची आमच्याकडं रीतच आहे. 

त्यांनी पंप पुन्हा बसवला आणि ते स्टिअरिंगवर जाऊन बसले. मी बॉनेटपाशी उभी राहिले, आणि त्या जागेवर उभी राहिल्यामुळंच असेल, आईचा खांदा आठवला. दांडीला हात घालण्याआधी ती पदर खोचायची आणि गाडीच्या नाकाला खांदा लावून एक जोरकस ढुशी द्यायची. अप्पा आतून हसायचे. "बिथरली बघ आमची म्हैस!" आयुष्यभर ती थट्टा त्यांना पुरली.

मी ओढणी खोचली आणि ढुशी दिली. गाडी गिअरमध्येच उभी होती. तिच्या पोटात काहीतरी तसूभर सरकलं. दांडी दाबली तर बोटांना ताण लागला, आणि नळीतून पेट्रोल चढू लागलं.

अप्पा खाली उतरून पाहत राहिले. मग त्यांना उमगलं. इंजिनाचा जो उंचवटा पंपाला ढकलतो, तो नेमका पंप दाबून थांबला होता. मग दांडीला दाबायला काही उरतच नाही. गिअरमधली गाडी ढकलली की चाकांबरोबर इंजिनही जरासं हलतं, आणि दांडी जिवंत होते.

"पंप चांगलाच व्हता म्हन की," ते म्हणाले. "पर तिनं कधी सांगितलं न्हाय."

"तुम्ही हसत होता, अप्पा."

त्यांनी आत बसून किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली, तिच्या धुरानं शेड भरली, आणि त्यांनी भंगारवाल्याला फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं. मग पुढचं डावं आसन फडक्यानं स्वच्छ पुसलं, आणि माझ्यासाठी मागचं दार उघडलं.

माकणीच्या रस्त्याला लागल्यावर, दोन्ही बाजूंची कापणी झालेली रानं उन्हात पसरलेली असताना, त्यांनी त्या रिकाम्या आसनाकडं मान वळवली आणि मी ऐकते आहे हे विसरून विचारलं, "तुला ठावं व्हतं, व्हय गं?"

माणूस शेजारी असतो तेव्हा विचारायला पुष्कळ वेळ आहे असं वाटून आपण विचारत नाही. तो गेल्यावर वेळ खरंच पुष्कळ उरतो, फक्त उत्तर द्यायला कुणी नसतं.