टेप त्याच दिवशी निघाली पाहिजे

कॉरीनच्या हाताखालून गेल्याशिवाय एकाही स्केटला हॉलमध्ये उतरायची सोय नव्हती. दर रविवारी दुपारी ती दारापाशी बसायची, एकेकीचा पाय मांडीवर घ्यायची आणि चाकं फिरवून बघायची. खडा अडकलाय का, पुढच्या रबरी ब्रेकचा स्क्रू वर आलाय का, बाजूच्या लोखंडावर कापडी पट्टी गुंडाळलीय का. मुली तिला ‘सासूबाई’ म्हणायच्या, आणि तीही तो मान मिरवायची.

खेळ तसा धसमुसळाच. चाकांच्या बुटांवर गोल गोल पळायचं आणि खांद्यानं, कमरेनं एकमेकींना लोटत पुढे जायचं. असल्या खेळाला आपली गुळगुळीत लाकडी जमीन कोण देणार? शाळेनं हात वर केले, चर्चनंही केले. मिनेसोटाच्या त्या भागात सहा महिने बर्फ, बाहेर खेळायची बात नाही. शेवटी नॉर्वेजियन मंडळाचा मेपलच्या लाकडी जमिनीचा हॉल कॉरीनच्या मैत्रिणीनं, डॅग्नीनं मिळवला. हॉल सांभाळणारा हॅल्वर रस्त्यापलीकडेच राहायचा. डॅग्नीनं महिनाभर त्याच्या दारात ठाण मांडलं, त्याचं अंगण झाडलं, सरपण फोडलं, तेव्हा कुठे म्हातारा पाघळला.

“एकच अट,” तो म्हणाला. “टेप त्याच दिवशी निघाली पाहिजे. ऑगस्टमध्ये वॉर्निश केलंय, अजून कोवळं आहे. टेप राहिली तर कातडीसकट सोलून येईल. मग तुम्ही कोण अन् मी कोण.”

टेपशिवाय भागत नव्हतं. खेळाची हद्द आखायला जमिनीवर दोरी टाकून वरून टेप चिकटवायची, म्हणजे खाली न बघता चाकाला रेघ कळते. चिकटवायला सगळ्या, काढायला मात्र एकटी कॉरीन. दुसरी कुणी हिसका देईल ही तिला धास्ती. टेप अगदी जमिनीलगत दुमडून, तसूतसूनं ओढत ती पाऊण तास रांगायची आणि डॅग्नी बाजूला बसून तिची चेष्टा करायची. वीस वर्षांची मैत्री होती ती. डॅग्नी नसती तर नवरा सोडून गेल्यावर कॉरीन घराबाहेरच पडली नसती.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी, कुणाचा धक्काही लागला नसताना, डॅग्नी पळता पळता थांबली. “डोकं फुटतंय गं,” म्हणाली आणि खाली बसली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. ॲम्ब्युलन्स आली, कॉरीन आत चढली, बाकीच्या मिळेल त्या गाडीनं मागोमाग. हॉलचं दार ओढून घेतलं तेवढंच. टेपचं कॉरीन बघेल, असं सगळ्यांनीच धरलं.

कॉरीनला आठवण झाली ती दवाखान्यात. डॅग्नीच्या तोंडाची एक बाजू लोंबत होती, शब्द अडखळत होते.

“टेप?”

“काढली,” कॉरीन म्हणाली.

“अख्खी?”

“अख्खी. दोरीसुद्धा गुंडाळून ठेवली.”

“आणि हॅल्वर?”

“खूश आहे तुझा म्हातारा.”

“तो अन् खूश? खोटारडी.” अर्ध्याच तोंडानं हसून तिनं कॉरीनचा हात घट्ट धरला आणि डोळे मिटले. ते डोळे पुन्हा उघडले नाहीत. तीन दिवस यंत्रावर राहून बुधवारी ती गेली. त्या तीन दिवसांत कॉरीन खुर्चीवरून हलली नाही. टेप आठवली की ती मनाशी म्हणायची, हात सुटला तर ही जाईल.

गुरुवारी मंडळाची वार्षिक मासळीची जेवणावळ होती. हॅल्वरनं सोमवारपासूनच हॉलखालच्या तळघरातला बॉयलर पेटवला होता, वर डोकावला नव्हता. गुरुवारी सकाळी कॉरीन गुडघ्यांवर बसली तेव्हा जमीन उबदार होती आणि डिंक लापशी झाला होता. तिनं शिकल्याप्रमाणे तसूतसूनं ओढलं. तरी वॉर्निश सोलून आलंच. टेप निघाली तिथे सगळा वाटोळा पांढरा, उघडा लाकडाचा पट्टा. हॅल्वर दारात उभा राहून बघत होता. त्यापेक्षा त्यानं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या जेवणावळीत सगळ्या गावानं ते बघितलं. शनिवारी डॅग्नीला पुरलं, आणि दफनानंतर हॅल्वर कॉरीनच्या घरी आला, टोपी हातात घेऊन.

“मंडळानं ठरवलं,” तो म्हणाला. “चाकं बंद. मी विरुद्ध हात वर केला, पण माझा एकट्याचा.”

“तुमची काय चूक? अट माझ्याकडून मोडली.”

“मला वाटलं, तू टेप काढूनच गेली असशील. तू कधी चुकत नाहीस. मला फोन का नाही केलास, पोरी?”

“तुम्ही हाकलून दिलं असतंत आम्हाला.”

“मी समोर राहतो. किल्ली माझ्या खिशात असते. रविवारीच काढली असती. त्या पोरीसाठी रात्रभर रांगलो असतो. माझ्या बायकोच्या आजारपणात तीच येत होती सूप घेऊन. तुम्हाला कुणाला सांगितलं नसेल तिनं.”

नव्हतं सांगितलं. कॉरीन ह्या म्हाताऱ्याला भ्यायली होती. दवाखान्यात त्या खुर्चीवरच दोनदा फोन हातात घेतला होता आणि दोन्ही वेळा तिनं तो परत खिशात टाकला होता. दफनातही आलं नव्हतं असं रडू तिला आलं.

“मी तिला सांगितलं, टेप काढली म्हणून,” ती म्हणाली. “ती माझा हात धरून गेली, हॅल्वर, आणि तिच्याशी शेवटचं बोलले ते खोटं होतं. एक फोन केला असता तर ते खरं झालं असतं.”